न्यायालयाचा आदेश पोलिसांच्या यादीत का गेला नाही: व्हर्जिनिया टेक प्रकरण

16 एप्रिल 2007 रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात, ब्लॅक्सबर्गच्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात एका विद्यार्थ्याने 32 जणांना गोळ्या घालून ठार केले आणि मग स्वतःचाही जीव घेतला. मृतांमध्ये मुंबईहून वास्तुरचनेच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी गेलेली एक विद्यार्थिनी होती. त्या सकाळचे वर्णन इथे करायचे नाही. प्रश्न त्याआधीच्या सोळा महिन्यांतल्या कागदपत्रांचा आहे. डिसेंबर 2005 मध्ये याच विद्यार्थ्याबद्दल न्यायालयाने लेखी निष्कर्ष काढला होता की मानसिक आजारामुळे त्याच्यापासून त्याच्याच जिवाला तातडीचा धोका आहे. संघराज्याच्या कायद्याप्रमाणे त्या क्षणापासून त्याला बंदूक घेण्यास आणि बाळगण्यास मनाई झाली होती. तरीही फेब्रुवारी आणि मार्च 2007 मध्ये त्याने दोन पिस्तुले रीतसर, पावतीसह, पार्श्वभूमी तपासणीतून पार होऊन घेतली.

घटनेनंतर बराच काळ बोलले गेले ते असे, की आरोग्य-गोपनीयतेच्या कायद्यांनी सगळ्यांचे हात बांधले होते. कागद एकेक करून समोर ठेवले की हे खरे ठरत नाही. जी नोंद पुढे जायला हवी होती तिला गोपनीयतेच्या कोणत्याही कायद्याने अडवले नव्हते. ती अडली न्यायालयातून पोलिसांकडे जाणाऱ्या एका साध्या फॉर्मपाशी. हा फरक समजला नाही तर उपाय चुकीच्या जागी होतो आणि त्याची किंमत उपचार घेणारी माणसे मोजतात.

डिसेंबर 2005: दोन दिवसांतली कारवाई

नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये काही विद्यार्थिनींनी नकोशा संदेशांबद्दल विद्यापीठाच्या पोलिसांकडे तक्रारी केल्या होत्या. 13 डिसेंबरला पोलीस त्याला समज देऊन गेले. त्यानंतर त्याने वसतिगृहातल्या सोबत्याला जीव द्यावासा वाटत असल्याचा संदेश पाठवला. सोबत्याने पोलिसांना कळवले. पुढे व्हर्जिनियाच्या कायद्यात ठरलेला क्रम सुरू झाला: परिसरातल्या सार्वजनिक मानसिक आरोग्य सेवा मंडळाच्या तज्ज्ञाने प्राथमिक तपासणी केली, दंडाधिकाऱ्याने तात्पुरत्या स्थानबद्धतेचा आदेश काढला आणि त्याला रॅडफर्डजवळच्या मनोरुग्णालयात रात्रभर ठेवले. त्या काळी हा तात्पुरता आदेश 48 तासांपुरता असे. तेवढ्यात सुनावणी घ्यावी लागे.

14 डिसेंबरला सकाळी रुग्णालयातच सुनावणी झाली. स्वतंत्र तपासणी करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाचे मत होते की आजार आहे, पण तातडीचा धोका नाही. सुनावणीला प्राथमिक तपासणी करणारी व्यक्ती हजर नव्हती, मानसशास्त्रज्ञ आणि उपचार करणारे मनोविकारतज्ज्ञही नव्हते, आणि ज्याने पोलिसांना कळवले तो सोबतीही नव्हता. विशेष न्यायाधीशांसमोर पुराव्यादाखल कागद आणि त्या विद्यार्थ्याचे म्हणणे एवढेच होते. त्यांनी छापील आदेशावर ‘मानसिक आजारामुळे स्वतःला तातडीचा धोका’ या ओळीसमोर खूण केली, ‘इतरांना धोका’ ही ओळ कोरी सोडली आणि सक्तीची भरती न करता बाह्यरुग्ण म्हणून उपचार घेण्याचा आदेश दिला.

त्याच दुपारी तो विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात जाऊन आला. पुढची भेट ठरली नाही. जानेवारी 2006 मध्ये रुग्णालयाकडून आलेला उपचारांचा गोषवारा केंद्राला मिळाला, पण त्यावर काही झाले नाही. न्यायालयाचा आदेश पाळला जातो की नाही हे कोणी पाहायचे, हे सेवा मंडळ, केंद्र आणि न्यायालय यांपैकी कोणीच आपल्याकडे घेतले नव्हते. घटनेनंतर गव्हर्नरांनी नेमलेल्या चौकशी मंडळाने यावर सविस्तर लिहिले आहे आणि ते वाचताना जीव कासावीस होतो, कारण प्रत्येक दुवा हाताच्या अंतरावर होता.

फॉर्मवरचे दोन वर्ग

संघराज्याचा 1968 चा बंदूक नियंत्रण कायदा दोन प्रकारच्या लोकांना बंदुकीपासून दूर ठेवतो: ज्यांना सक्तीने मनोरुग्णालयात दाखल केले आहे ते, आणि ज्यांच्याबद्दल न्यायालयाने, मंडळाने किंवा तसाच अधिकार असलेल्या संस्थेने आजारामुळे स्वतःला वा इतरांना धोका असल्याचा, किंवा स्वतःचे व्यवहार सांभाळण्याची क्षमता नसल्याचा निर्णय दिला आहे ते. दुसऱ्या प्रकारात रुग्णालयाचा उल्लेखच नाही. निर्णय पुरेसा आहे. म्हणून 14 डिसेंबरचा आदेश, उपचार बाह्यरुग्ण असले तरी, थेट या प्रकारात बसत होता. निव्वळ निरीक्षणासाठी ठेवणे किंवा माणूस आपणहून दाखल होणे मात्र यात येत नाही.

व्हर्जिनियाचा स्वतःचा कायदा वेगळ्या शब्दांत होता. त्यात सक्तीने दाखल केलेले आणि न्यायालयाने अक्षम ठरवलेले एवढेच धरले होते. न्यायालयाचे क्लार्क राज्य पोलिसांच्या केंद्रीय गुन्हेनोंद कक्षाला ज्या फॉर्मवर कळवत, तो राज्याच्या कायद्यावरून बनवलेला. त्यावर हे दोनच वर्ग होते. बाह्यरुग्ण उपचारांचा आदेश दोन्हींत बसत नव्हता, म्हणून तो फायलीत राहिला. क्लार्कने नियम मोडला नाही, कुणी काही लपवले नाही. राज्याचा फॉर्म संघराज्याच्या व्याख्येपेक्षा अरुंद होता, इतकेच.

आणि हे व्हर्जिनियात घडले, याकडे लक्ष द्यायला हवे. त्या वेळी मानसिक आरोग्याची कोणतीही माहिती संघराज्याच्या यादीला देणारी जेमतेम 22 राज्ये होती आणि व्हर्जिनिया त्यांत आघाडीवर होते. सर्वांत चोख समजल्या जाणाऱ्या राज्यात ही फट होती.

दुकानात काय दिसले

पहिले पिस्तूल, .22 कॅलिबरचे वॉल्थर, ऑनलाइन मागवलेले होते. ते 9 फेब्रुवारी 2007 रोजी ब्लॅक्सबर्गमधल्या परवानाधारक दुकानातून त्याने ताब्यात घेतले. दुसरे, 9 मिमीचे ग्लॉक, 13 मार्चला रोनोकच्या दुकानातून. तीस दिवसांत एकच पिस्तूल असा व्हर्जिनियाचा नियम तेव्हा होता आणि तो पाळला गेला. विद्यार्थी कायम रहिवासी होता, त्यामुळे नागरिकत्वाची अडचण नव्हती.

ग्राहक संघराज्याचा 4473 क्रमांकाचा फॉर्म भरतो. त्यात मानसिक आरोग्याबद्दलचा प्रश्न असतोच, पण उत्तर ग्राहकाचेच. मग दुकानदार तपासणीसाठी विचारणा करतो. बऱ्याच राज्यांत ती थेट एफबीआयच्या ‘निक्स’ या यंत्रणेकडे जाते, व्हर्जिनियात राज्य पोलिसांमार्फत. निक्स 30 नोव्हेंबर 1998 पासून चालू आहे आणि वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गहून चालते. ती तीन ठिकाणी शोधते: आंतरराज्य गुन्हेनोंदी, वॉरंट व संरक्षण आदेशांची नोंदवही, आणि गुन्हा नसलेल्या मनाईंसाठी असलेली निक्सची स्वतःची यादी. मानसिक आरोग्याच्या नोंदी असतात त्या या तिसऱ्या यादीत. दुकानदाराला कारण कधीच कळत नाही. ‘विका’, ‘थांबा’ किंवा ‘नाही’ एवढेच कळते. दोन्ही वेळा उत्तर ‘विका’ आले. यादीत जे नाही ते कितीही दक्ष दुकानदाराला सापडणार नाही.

कोणत्या कागदाला कोणता कायदा

आता गोपनीयता. आरोग्यविषयक माहितीच्या 1996 च्या ‘हिपा’ या कायद्याखालचे गोपनीयता नियम एप्रिल 2003 पासून पाळणे सक्तीचे झाले. ते सर्वांना लागू नाहीत. उपचार देणारे, आरोग्य विमा योजना आणि दाव्यांची माहिती रूपांतरित करणाऱ्या संस्था, एवढ्यांना लागू आहेत. न्यायालय या तिन्हींत नाही. म्हणजे 14 डिसेंबरचा आदेश पोलिसांकडे पाठवताना हिपाचा प्रश्नच येत नव्हता. रुग्णालयाला हिपा लागू होता, पण त्याने पोलिसांना काही कळवण्याची गरजच नव्हती. समुपदेशन केंद्रातली विद्यार्थ्यांची फाइल तर हिपाच्या व्याख्येतूनच वगळलेली असते, कारण तिला शिक्षणविषयक नोंदींचा ‘फर्पा’ हा वेगळा कायदा आणि राज्याचे नियम लागू होतात.

विद्यापीठात गैरसमज होते ते फर्पाबद्दल. प्राध्यापकांना त्याच्या लिखाणाची काळजी वाटत होती, वसतिगृहाला त्याच्या वागण्याची माहिती होती, पोलिसांकडे तक्रारी होत्या, केंद्राकडे भेटींच्या नोंदी होत्या. कायदा परवानगी देत नाही या समजुतीने हे तुकडे एकत्र आले नाहीत आणि पालकांना रुग्णालयातल्या रात्रीबद्दल कोणी कळवले नाही. वस्तुतः शिक्षकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले वागणे ही फर्पाखालची ‘नोंद’ नसते. ते बोलायला कायद्याची आडकाठी नाही. जिवाला धोका असेल तर फाइलमधली माहितीही देता येते. विद्यार्थी करांच्या हिशेबात पालकांवर अवलंबून असेल तर पालकांना शैक्षणिक नोंदी देता येतात. चौकशी मंडळाचा निष्कर्ष हाच होता की कायद्यात पुरेशी मोकळीक होती, पण लोकांना ती माहीत नव्हती. कायद्याची भीती कायद्याच्या मजकुरापेक्षा मोठी झाली होती. 2008 च्या डिसेंबरमध्ये फर्पाच्या नियमांत आणीबाणीचा भाग अधिक स्पष्ट केला गेला.

दुरुस्त्या

व्हर्जिनियाने सर्वांत आधी केले ते योग्य आणि स्वस्त काम. 30 एप्रिल 2007 रोजी, म्हणजे घटनेनंतर चौदा दिवसांत, गव्हर्नर टिम केन यांनी आदेश काढला की बाह्यरुग्ण उपचारांचे सक्तीचे आदेशही बंदूक तपासणीच्या नोंदीत गेलेच पाहिजेत. त्यासाठी गोपनीयतेचा एकही कायदा बदलावा लागला नाही. 2008 मध्ये विधिमंडळाने हे कायद्यात घातले. शिवाय तात्पुरत्या स्थानबद्धतेनंतर सुनावणी टाळून स्वेच्छेने दाखल होणाऱ्यांनाही राज्याने मनाईत आणले. यामुळे व्हर्जिनियाचा नियम आता काही बाबतींत संघराज्यापेक्षा कडक आहे, आणि तिथल्या वकिलाला तो अशिलाला ‘स्वेच्छेने दाखल व्हा’ असा सल्ला देण्याआधी माहीत असायलाच हवा.

संघराज्याच्या पातळीवर अडचण घटनात्मक होती. सर्वोच्च न्यायालयाच्या 1997 च्या प्रिंट्झ निकालानुसार केंद्र सरकार राज्यांच्या अधिकाऱ्यांना आपले काम करायला भाग पाडू शकत नाही. म्हणून 8 जानेवारी 2008 रोजी सही झालेल्या निक्स सुधारणा कायद्याने सक्ती केली नाही. नोंदी पाठवणाऱ्या राज्यांना अनुदान आणि न पाठवणाऱ्यांच्या निधीत कपात, असा मार्ग धरला. अनुदानासाठी एक अट होती: मनाई झालेल्या माणसाला हक्क परत मागण्याची सोय राज्याने द्यायची. ही अट न्याय्य होती, आणि ती घातली गेली याचे आम्हाला मनापासून समाधान वाटते.

परिणाम असमान झाला. अमेरिकी काँग्रेसच्या (तिथल्या संसदेच्या) लेखापरीक्षण कार्यालयाच्या जुलै 2012 च्या अहवालानुसार राज्यांनी दिलेल्या मानसिक आरोग्याच्या नोंदी 2004 मधल्या सुमारे 1,26,000 वरून 2011 मध्ये सुमारे 12 लाखांवर गेल्या, पण ही वाढ मुख्यतः 12 राज्यांमुळे. 17 राज्यांनी तोवर दहापेक्षाही कमी नोंदी दिल्या होत्या. काही राज्यांनी कारण दिले गोपनीयतेचे. काही ठिकाणी ते खरे होते. जिथे राज्याच्या कायद्याने नोंद पाठवणे बंधनकारक आहे तिथे हिपा आड येत नाही, कारण कायद्याने आवश्यक असलेली माहिती देण्यास त्यात आधीपासून मुभा आहे. जिथे तसा कायदा नाही आणि नोंदी अशा मानसिक आरोग्य विभागाकडे आहेत जो स्वतः रुग्णालये चालवतो, म्हणजे हिपाखाली येतो, तिथे मात्र खरोखर पेच होता.

त्या पेचासाठी संघराज्याच्या आरोग्य विभागाने 6 जानेवारी 2016 रोजी नियम प्रसिद्ध केला. तो 5 फेब्रुवारीपासून लागू झाला. हिपाच्या नियमावलीत कलम 164.512 च्या ‘के’ उपकलमात तो सातवा परिच्छेद आहे. तो मुद्दाम अरुंद ठेवला आहे. माहिती देणारी संस्था राज्याने नोंदी पाठवण्यासाठी वा गोळा करण्यासाठी नेमलेली असली पाहिजे, किंवा सक्तीच्या भरतीचा वा धोक्याचा निर्णय स्वतः देणारी असली पाहिजे. माहिती जाईल ती निक्सकडे किंवा राज्याने नेमलेल्या संस्थेकडेच. आणि जाईल ती ओळखीपुरती: नाव, जन्मतारीख, लिंग, मनाईचा संकेतांक, पाठवणाऱ्या संस्थेचा क्रमांक आणि त्या संस्थेतला नोंद क्रमांक. उंची, जन्मस्थळ यांसारख्या काही गोष्टी जुळणी पक्की करण्यासाठी देता येतात. निदान, औषधे, उपचारांच्या नोंदी, यांतले काहीही देता येत नाही.

खासगी दवाखान्यातला डॉक्टर, समुपदेशक, साधे रुग्णालय यांना या नियमाने कोणताही नवा अधिकार दिलेला नाही. रुग्ण आपणहून उपचार घेत असेल तर त्याचे नाव या वाटेने कुठेही जात नाही. गंभीर आणि तातडीच्या धोक्यात पोलिसांना वा संबंधितांना सावध करण्याची मुभा हिपात वेगळी आहे. तिचा निक्सच्या यादीशी संबंध नाही. या दोन गोष्टींची गल्लत डॉक्टरांच्या बैठकांतही होते.

नोंद पाठवताना काय चुकते

सर्वांत जास्त चुका पहिल्याच टेबलावर होतात. तात्पुरत्या स्थानबद्धतेचा कागद आणि सुनावणीनंतरचा आदेश सारखे दिसतात. पहिला निर्णय नाही. तो पाठवला तर निर्णय न झालेला माणूस यादीत जातो. म्हणून तपासणाऱ्याने प्रथम पाहायचे ते शीर्षक नव्हे, तर निष्कर्षाची ओळ: धोक्याचा वा अक्षमतेचा निर्णय कोणी दिला, कोणत्या तारखेला. प्रकरण फेटाळले गेले असेल तर तिथेच थांबायचे.

जन्मतारीख किंवा लिंग नसेल तर नोंद स्वीकारली जात नाही आणि परत आलेल्या नोंदी कोणाच्या तरी ट्रेमध्ये पडून राहतात. न्यायालयाने सुनावणीच्या वेळीच ही दोन माहिती आदेशावर घेतली तर नंतरची धावपळ वाचते. व्हर्जिनियात क्लार्कने आदेश पुढच्या कामकाजाच्या दिवसाअखेर पाठवायचा असतो आणि ती प्रत वेगळ्या, गोपनीय फायलीत ठेवायची असते. वेळ महत्त्वाची आहे, कारण तपासणीचे उत्तर तीन कामकाजाच्या दिवसांत आले नाही तर संघराज्याच्या कायद्यानुसार दुकानदार विक्री करू शकतो. 2022 च्या कायद्याने 21 वर्षांखालच्या ग्राहकांसाठी ही मुदत गरजेनुसार दहा कामकाजाच्या दिवसांपर्यंत वाढवली आणि राज्याच्या मानसिक आरोग्य नोंदींकडेही विचारणा करणे सुरू झाले. मात्र वयाच्या सोळाव्या वर्षाआधीचे आदेश त्यात धरत नाहीत.

मोकळ्या रकान्यांपासून जपावे. क्लार्क मदत म्हणून ‘स्किझोफ्रेनिया, बाह्यरुग्ण’ असे काही लिहितो आणि एका ओळीत नियम मोडतो. संगणकीय फॉर्ममधून असा रकाना काढूनच टाकणे हा चांगला उपाय. हिपाखालच्या संस्थेने प्रत्येक नोंदीचा हिशेबही ठेवावा लागतो: या सातव्या परिच्छेदाखाली दिलेली माहिती हिशेबातून वगळलेली नाही. रुग्णाने मागितले तर मागच्या सहा वर्षांतले असे प्रकटन तारखेसह दाखवावे लागते.

हे सारे इतके काटेकोर का, याचे उत्तर आकड्यांत आहे. अमेरिकेतल्या संशोधनानुसार एकूण हिंसाचाराचा सुमारे 4 टक्केच भाग गंभीर मानसिक आजारामुळे होतो. बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. म्हणजे ज्याला वाचवायचे तो बहुतेकदा आजारी माणूस स्वतःच आहे, आणि आपली फाइल पोलिसांकडे जाईल या भीतीने तो दवाखान्याची पायरी चढला नाही तर यादी कितीही भरली तरी उपयोग नाही.

महाराष्ट्रातून अमेरिकेत शिकायला गेलेल्या मुलांच्या घरी हे नेमके सांगावे. विद्यापीठाच्या केंद्रात जाऊन समुपदेशन घेतल्याने, औषधे सुरू केल्याने, स्वतःहून दाखल झाल्याने संघराज्याच्या कायद्याची मनाई लागत नाही. राज्याचा नियम मात्र, वर व्हर्जिनियाबाबत पाहिले तसे, याहून कडक असू शकतो. पालकांना मुलाबद्दल कळावे असे वाटत असेल तर मुलाने प्रवेशाच्या वेळीच विद्यापीठाच्या आणि आरोग्य केंद्राच्या, अशा दोन वेगळ्या संमतीपत्रांवर सही करावी. एक दुसऱ्याच्या जागी चालत नाही. परदेशातल्या आई-वडिलांवर अमेरिकी करांचे अवलंबित्व सहसा लागू नसते, त्यामुळे ती वाट त्यांच्यासाठी बहुधा बंद असते.

यादीतून बाहेर येताना

व्हर्जिनियात मनाई उठवण्यासाठी जिल्हा न्यायालयात अर्ज करावा लागतो. न्यायाधीश मूळ आदेशाची परिस्थिती, त्यानंतरचे उपचार, गुन्हेनोंद आणि लोकांतली वर्तणूक पाहतात. अर्जदारापासून सार्वजनिक सुरक्षेला धोका नाही आणि मनाई उठवणे लोकहिताविरुद्ध नाही, असे पटले तर मनाई उठते. इथे उपचारांच्या नोंदी अर्जदार स्वतः सादर करतो, म्हणून त्या गोपनीय ठेवण्याची विनंती अर्जासोबतच करावी. आदेश झाल्यावर क्लार्क राज्य पोलिसांना कळवतो आणि पोलीस निक्समधली नोंद काढायला लावतात. हा शेवटचा टप्पा मध्येच अडकू शकतो. म्हणून आदेशाची प्रमाणित प्रत जवळ ठेवावी आणि नोंद निघाल्याचे राज्य पोलिसांकडून लेखी घ्यावे. पुढे कधी दुकानात नकार मिळालाच तर त्या तपासणीचा व्यवहार क्रमांक दुकानदाराकडून मागून घ्यावा आणि नकार देणाऱ्या यंत्रणेकडे, व्हर्जिनियात राज्य पोलिसांकडे, कारण विचारावे. कारण कळवण्यासाठी संघराज्याच्या नियमात पाच कामकाजाच्या दिवसांची मुदत आहे.